नांदायला कोणी जायचं?

मूर्तिजापूर स्टेशनावर जवळजवळ शंभर वर्षं माणसं गाडी बदलत आली. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरकडून शकुंतला नावाची एक छोटी गाडी यायची, यवतमाळ, दारव्हा, कारंज्याकडून दुसरी. या दोन्हींच्या रुळांतलं अंतर अडीच फूट, आणि मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाइनचं साडेपाच फूट. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. म्हणून माणसांनी इथं उतरायचं, ट्रंका-वळकट्या खाली घ्यायच्या, आणि कापसाच्या गाठी हमालांनी या वॅगनमधून त्या वॅगनमध्ये पाठीवरून न्यायच्या. आता शकुंतला बंद आहे. पण दर्यापूरची एखादी आजी अजून सांगते की लग्न होऊन मूर्तिजापूरला नांदायला आली ती याच गाडीतून.

नांदायला येणं हा शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. नांदणं म्हणजे नुसतं राहणं नव्हे. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चालीरीतीत, दुसऱ्याच्या माणसांत राहून त्या घराला आपलं म्हणणं, आणि त्या घरानं आपल्याला आपलं म्हणेपर्यंत वाट पाहणं, एवढं सगळं त्यात येतं. मराठीत हे काम शेकडो वर्षं बाईच्या वाट्याला आलं. दर्यापूर ते मूर्तिजापूर अंतर ते केवढं! तरी पहिली दोन वर्षं पोरीचे डोळे कोरडे होत नसत.

या प्रकरणाचा विषय तोच आहे, फक्त अंतर वाढलेलं आहे. नवरा मूर्तिजापूरचा, बायको जर्मनीची किंवा अमेरिकेची. किंवा मुलगी अकोल्याची आणि जावई जपानचा. दहा-बारा वर्षं एका देशात संसार झाला, मुलं झाली, आणि एक दिवस जेवताना प्रश्न निघतो: आपण सगळ्यांनी तुझ्या देशात जायचं का? वऱ्हाडात आता अशी घरं अपवाद राहिलेली नाहीत. मुलं शिकायला बाहेर पडतात, तिकडेच जोडीदार भेटतो, आणि इकडे आई गेल्यावर बाप एकटा उरतो.

बहुतेक घरं हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सोडवायला घेतात. पगार किती, शाळा कशी, दवाखाना कसा, हवा कशी, म्हणजे दोन देशांची तुलना सुरू होते. माझं म्हणणं असं की देशांची तुलना नंतर करावी. आधी विचारावं, या स्थलांतरात नांदायला कोण जाणार आहे? कारण एकाच विमानात बसलेल्या चौघांपैकी एकजण घरी परत चाललेला असतो आणि दुसरा घर सोडून चाललेला असतो. दोघांच्या बॅगा सारख्याच दिसतात, म्हणून हा फरक विसरला जातो.

विदर्भातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण पांडुरंग खानखोजे यांचं. वर्ध्याचा हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडून गेला. आधी जपान, मग अमेरिका. तिथं त्यांनी शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. इंग्रजांचं राज्य असेतो उघडपणे घरी येणं शक्यच नव्हतं. १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी नाव मिळवलं. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे. वर्ध्याच्या माणसाचं चित्र मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर आहे, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल?

१९३६ मध्ये मेक्सिकोतच त्यांनी जाँ सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाला, १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून खानखोजे शेतीविषयक कामासाठी आले, आणि १९५५च्या सुमारास सगळं कुटुंब नागपूरला आलं. १९६७ मध्ये त्यांचं नागपुरात निधन झालं. थोरल्या मुलीनं पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं, म्हणून आज एवढं तरी आपल्या हाती आहे.

हा इतिहास आपण नेहमी क्रांतिकारकाची घरवापसी म्हणून वाचतो. एकदा जाँबाईंच्या बाजूनं वाचून पाहा. बेल्जियम एकदा सुटलंच होतं. मेक्सिकोत संसार मांडला, मुली वाढवल्या, आणि आता तिसरा देश, तोही नवऱ्यानं स्वतः अर्ध्या शतकापूर्वी सोडलेला. मुली १९३६ नंतर जन्मलेल्या, म्हणजे नागपूरला येताना फार तर अठरा-एकोणीस वर्षांच्या. मैत्रिणी, भाषा, सवयी सगळं पक्कं होण्याचं हे वय. सत्तरीला टेकलेला बाप परत येत होता. बाकीच्या तिघी कुठेही परत येत नव्हत्या.

आणि परत येणाऱ्याला तरी त्याचं गाव सापडतं का? खानखोजे गेले तेव्हा वर्धा ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात होतं. ते आले तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ला ते द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. म्हणजे घर न हलवता पाच वर्षांत या कुटुंबानं तीन राज्यं पाहिली. जॉन आणि जीन गलाहॉर्न या अमेरिकी अभ्यासकांनी १९६३ मध्ये परदेशाहून मायदेशी परतणाऱ्यांविषयी लिहिताना दाखवलं की नव्या देशात जाताना जसा मनाचा आलेख आधी वर, मग खाली आणि मग पुन्हा वर जातो, तसाच तो घरी परतल्यावरही पुन्हा एकदा खाली जाऊन वर येतो. परदेशात आपण परके असणार हे माणूस धरूनच चालतो. घरी परकेपणा वाट्याला येईल याची त्यानं तयारीच केलेली नसते. म्हणून ज्याचा देश आहे त्यानं ‘मला सगळं माहीत आहे, मी सांभाळून घेईन’ हे वाक्य जपून वापरावं. त्याला माहीत असतं ते त्यानं सोडलेलं गाव.

आता एक घर कल्पनेनं समोर धरू. मुलगा मूर्तिजापूरचा, बायको जर्मन, राहणं स्टुटगार्टला. मुलं दोन, एक सहा वर्षांचं, दुसरं तेरा. मूर्तिजापुरात वडील एकटे, थोडं वावर बटाईनं दिलेलं. हे कुटुंब दर डिसेंबरात येतं. डिसेंबरातलं वऱ्हाड म्हणजे काय विचारता! सकाळी गारवा, वावरात तुरीच्या शेंगा, संत्र्याचा आंबिया बहर घरात आलेला, कुठे हुरडा, कुठे रोडग्यांच्या पंगतीचा बेत. जर्मन सुनेला आवडणारच. या आवडीवर स्थलांतराचा निर्णय घेऊ नये.

तिनं मे महिन्यात यावं. पारा कित्येकदा ४५च्या घरात जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरमध्ये दिवसातून तीनदा पाणी घालावं लागतं आणि वीज गेली की त्याचाही उपयोग नाही. पाण्याचंही बघावं. मूर्तिजापूर, दर्यापूरचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीला, बोअरला पाणी लागतं, पण खारं. चहा त्या पाण्याचा होत नाही आणि डाळ नीट शिजत नाही. पिण्याचं पाणी नळानं येईल तेव्हा भरायचं किंवा कॅन विकत घ्यायचा. ज्याचं बालपण तिथं गेलं त्याला यात काही सांगण्यासारखं वाटत नाही, आणि त्यामुळेच तो ते सांगत नाही. उलट दिशेलाही हाच नियम. मूर्तिजापूरच्या माणसानं जर्मनी जूनमध्ये पाहिली असेल, जेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तर नोव्हेंबर पाहिल्याशिवाय हो म्हणू नये. चारच्या पुढे अंधारून येतं आणि आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. जागा वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात पाहावी, आणि पाहुणा म्हणून नको. स्वतः बाजार करून, स्वतः रिक्षा ठरवून, एखादा सरकारी कागद स्वतः काढून.

भाषेचीही तीच गोष्ट. सून बिचारी स्टुटगार्टमध्ये मराठी शिकून येते. पुस्तकात कोथिंबीर, शेत, का, मुलं असे शब्द. इथं सासरे म्हणतात, “बाजारातून सांबार आन जो बेटा.” तिच्या डोळ्यांपुढे इडलीबरोबरचं सांबार. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, शेत म्हणजे वावर, का म्हणजे काऊन आणि मुलं म्हणजे पोट्टे. दोन वर्षं खपून शिकलेली भाषा दारातच अपुरी पडते, आणि घरातले सगळे प्रेमानं हसतात. हसणं प्रेमाचं असलं तरी ज्याच्यावर हसलं जातं तो दमतो. चाळिशीतली शिकलेली, स्वतःच्या देशात वजन असलेली बाई इथं कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच वर्षांच्या पोरासारखी होते. हे किती दिवस चालेल आणि त्या दिवसांत नवरा तिच्या बाजूला उभा राहील की घरच्यांच्या, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

या सगळ्यातून तरून गेलेल्यांकडे काय होतं? गेल ऑम्व्हेट यांचं उदाहरण घ्या. मिनेसोटातल्या मिनिआपोलिसच्या या बाई. ज्योतिबा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी कॅलिफोर्नियात डॉक्टरेट केली, आणि त्यासाठी आधीच महाराष्ट्र पालथा घातला होता. १९७६ मध्ये त्यांनी भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं, आणि २०२१ मध्ये देह ठेवला तो सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात, सासरच्याच गावी. तिथं सासूबाई इंदुताई पाटणकर याही स्वातंत्र्य चळवळीतल्या, लढाऊ बाई. गेलबाईंना महाराष्ट्रात राहण्याचं स्वतःचं कारण होतं, नवऱ्याच्या आधीपासून. मला हीच गोष्ट निर्णायक वाटते. जो नांदायला जातो त्याला त्या देशात जोडीदाराखेरीज आणखी एक तरी कारण हवं: काम, अभ्यास, एखादी कला, एखादी मैत्री. नवरा हेच एकमेव कारण असेल, तर त्याच्याशी झालेलं प्रत्येक भांडण देशाशी होतं. आणि हेही नोंदवतो की गेलबाईंची मुलगी पुढे अमेरिकेत राहू लागली. मुलं कुठल्या बाजूनं जातील हे आईबापांच्या निर्णयानं ठरत नाही.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा म्हणून शेवटी ढकलला जातो, पण नांदणाऱ्याची घरातली ताकद इथंच ठरते. जर्मनीनं जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, भारत देत नाही. म्हणून जर्मन सून आपला पासपोर्ट ठेवून ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड घेऊ शकते. त्यासाठी लग्न नोंदलेलं असावं लागतं आणि अर्जाआधी किमान दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. कार्ड मिळालं की आयुष्यभराचा व्हिसा मिळतो आणि पोलिसांत परदेशी म्हणून नोंदणी करण्याची कटकट जाते. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. मात्र जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला की रद्द होतं. म्हणजे तिचं इथं राहणं लग्नाला बांधलेलं आहे, आणि हे तिला निघण्याआधी माहीत असलं पाहिजे. भारतीय नागरिकत्वही घेता येतं, सात वर्षांच्या वास्तव्यानंतर, पण मग जुना पासपोर्ट सोडावा लागतो.

मुलानंही दरम्यान जर्मन पासपोर्ट घेतला असेल तर त्याचीही गत बदलते. बापाचं वावर वारशानं त्याच्याकडे येऊ शकतं, पण शेजारचे दोन एकर विकायला निघाले तर तो ते घेऊ शकत नाही. विदर्भाच्या १९५८च्या कूळकायद्यानं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर बंधन आहेच, त्यावर परकीय चलनाच्या नियमांची दुसरी कुलूपपट्टी. गावी जाऊन सेंद्रिय शेती करू, असा बेत आखणाऱ्यांनी आधी सातबारा आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

म्हातारपणाचा पैसाही देशाला बांधलेला असतो. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे तिकडे भरलेली पेन्शनची वर्षं वाया जात नाहीत. अमेरिकेशी भारताचा असा करार नाही. तिथं पेन्शनच्या हक्कासाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, आणि आठव्या वर्षी उठून आलेल्याच्या हाती ती येत नाही. शिवाय अमेरिकी नागरिक मूर्तिजापुरात राहिला तरी त्याला दरवर्षी अमेरिकेचं करविवरण भरावंच लागतं. उलट दिशेला, अकोल्याच्या मुलीला ब्रिटिश नवऱ्याच्या देशात जायचं असेल तर एप्रिल २०२४ पासून त्याचं वार्षिक उत्पन्न २९,००० पौंड आहे का हे आधी विचारलं जातं. जर्मन नवऱ्याकडे जायचं तर बहुतेकींना जर्मन भाषेची पहिली परीक्षा इथंच द्यावी लागते.

मुलांच्या बाबतीत मी फक्त वयावर बोट ठेवतो. सहा वर्षांचं पोर मूर्तिजापुरात वर्षभरात वऱ्हाडी बोलेल, आजोबांना मागे टाकील. राज्यातल्या सगळ्या शाळांत २०२०च्या कायद्यानं मराठी शिकवावी लागते, त्याला ती जड जाणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीचं तसं नाही. तिला तीन वर्षांत दहावी गाठायची आहे. आणि पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं तर मार्च २०२१च्या अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड मिळालेल्या मुलांना इथं अनिवासी भारतीयांच्या जागांवरच प्रवेश मिळतो. उलट, दहा वर्षांचं मूल घेऊन जर्मनीला जाणाऱ्यांनी हे बघावं की तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, नेमकी त्या वेळी मुलाची जर्मन कच्ची असते.

एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती इथं बोलली पाहिजे. संसार मोडला तर मुलं कुठे राहणार? याविषयी १९८०चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे, शंभराहून अधिक देश त्यात आहेत, आणि मूल ज्या देशात नेहमी राहत होतं तिथल्या न्यायालयानं ताब्याचा निवाडा करावा असं तो सांगतो. भारत त्यात नाही. इथली न्यायालयं मुलाचं हित सर्वांत वर ठेवतात आणि परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा मानतात; सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं. याचा व्यवहारातला अर्थ असा की जर्मन आई मुलांना घेऊन मूर्तिजापुरात आली की पुढचं भांडण अकोल्याच्या न्यायालयात, तिला न कळणाऱ्या भाषेत होऊ शकतं. सुखाच्या दिवसांत हे बोलणं अशुभ वाटतं, पण बोलायला तेच दिवस बरे.

आणि जोडीदारच गेला तर? स्वित्झर्लंडमधल्या नशातेलची ईव्ह इव्होन १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्रीबाई झाली. परमवीर चक्राची रचना तिचीच. १९५२ मध्ये नवरा गेला आणि सावित्रीबाई पुढे जवळजवळ चाळीस वर्षं इथंच राहिल्या, १९९० पर्यंत. इथल्या धर्मग्रंथांत, संस्कृतात त्यांचं मन आधीच रुजलेलं होतं. दुसरीकडे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीनमध्ये परिचारिका असलेल्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१च्या अखेरीस लग्न केलं, मुलगा झाला, त्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही गुंफले, आणि १९४२च्या डिसेंबरात डॉक्टर गेले. छिंगलान पुढे भारतात अनेकदा येऊन गेल्या, सोलापूरकरांनी त्यांना सुनेचा मान दिला, पण राहिल्या त्या आपल्याच देशात. दोघींपैकी कोणी चुकलं असं म्हणता येत नाही. निर्णय घेण्याआधी मात्र प्रत्येकानं स्वतःला हे विचारावं: उद्या हा माणूस नसला, तर मी इथं राहीन का? राहता येईल का?

आपल्याकडे हा निर्णय बहुधा ‘आईबाबा एकटे आहेत’ या वाक्यानं सुरू होतो. ते कारण खरं आहे, मोठं आहे. पण स्टुटगार्टलाही दोन म्हातारी माणसं आहेत, त्यांची मुलगी एकुलती एक असू शकते. त्यांचं म्हातारपण कोणी मोजलं? वऱ्हाडातल्या बाईला हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही, म्हणून आपल्याला तो सुचत नाही.

गाडगेबाबांचं बालपण इथं आठवतं. वडील वारले तेव्हा आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. डेबू आजोळी वाढला, मामाची गुरं राखली, वावरात राबला. आजोळानं आसरा दिला आणि कामही घेतलं. जोडीदाराच्या माहेरच्या देशात जाणाऱ्या कुटुंबालाही आसऱ्याची अशी किंमत असते: घर कोणाच्या नावावर, सकाळचा चहा कोणाच्या पद्धतीचा, सणाला पैसा कोणाचा.

म्हणून जायचं ठरलंच तर तीन गोष्टी निघण्याआधी करून ठेवाव्यात. नांदायला जाणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर एक खातं, त्यात परतीच्या तिकिटांचे आणि सहा महिने राहण्याचे पैसे, ज्यांना बाकीच्यांनी हात लावायचा नाही. जुन्या देशातलं घर लगेच विकू नये, भाड्यानं द्यावं. आणि तिसरं, दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न टेबलावर घ्यायचा, आणि त्या दिवशी पहिलं बोलणं त्याचं, जो नांदायला आला आहे. मूर्तिजापूरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतंच. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी ती तारीखही लिहून ठेवावी, नांदायला आलेल्याच्याच भाषेत.